हेळव्याचा प्रश्न

वासंती मगदूम यांनी उभ्या आयुष्यात एकच काम नवऱ्याला न विचारता केलं, आणि ते हेळव्यापुढे केलं.

कागलकडच्या त्यांच्या गावात सुगी आटोपली की हेळवी येतो. बैलावर बसून येतो, बैलाच्या गळ्यात पितळी घंटा असते, आणि दारात थांबून तो त्या घराची वंशावळ तोंडपाठ म्हणतो. मूळपुरुष कोण, कुठून आला, त्याला मुलगे किती, कुणाची वेल वाढली, कुणाची खुंटली. मगदुमांची वंशावळ अथणीकडे सुरू होते आणि एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात कृष्णा उतरून इकडे येते. आताच्या बाळू हेळव्याच्या पणज्यानं ती जुळवली, आज्यानं म्हटली, बापानं म्हटली. म्हणून झालं की घरच्या कर्त्यानं वर्षात जन्मलेल्या मुलाचं नाव सांगायचं. हेळवी घंटा वाजवून ते एकदा खणखणीत म्हणतो. त्यानंतर ते नाव वंशात जातं आणि कुणालाही काढता येत नाही. लेकींची नावं म्हणत नाहीत. बारशाआधी गेलेल्यांची तर नाहीतच.

फेब्रुवारी २०२० मध्ये बाळू आला तेव्हा वासंतीबाईंची बॅग भरलेली होती. मुलगा चंद्रहास आयर्लंडमध्ये, एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. सून कौमुदी पुण्याची, शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिला पाचवा महिना होता आणि बाळंतपणासाठी वासंतीबाई निघाल्या होत्या. मोहनराव, म्हणजे त्यांचे मालक, वंशावळ ऐकून मळ्याकडे गेले. वासंतीबाई सुपात ज्वारी घेऊन बाहेर आल्या आणि तिथंच घोटाळल्या.

"बाळू, चंदूचं घाल की."

"झालं काय बारसं?"

"हुईल जूनात."

"पोटातलं म्हणत न्हाईत, अक्का."

"पुढच्या साली मी कुठं असतो, कुणाला ठावं. परमुलखाला निघालोय."

त्या आत गेल्या आणि विमानात नेसायला म्हणून घेतलेलं नवं लुगडं त्याच्या बायकोसाठी घेऊन आल्या. बाळू बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाव?"

नावाचा विचार त्यांनी केलाच नव्हता. औषधाच्या दुकानदाराच्या मुलाचं नाव तोंडावर आलं. श्रेयस. घंटा वाजली, आणि चंद्रहास मोहन मगदूम यांना वंशात एक मुलगा झाला.

तीन दिवसांनी शॅनन विमानतळावर गाडीत बसता बसता चंद्रहासनं सांगितलं, "आई, इथं आधी सांगतात. मुलगी आहे."

वासंतीबाईंना आधी हेळव्याची घंटा आठवली. तरी तोंडानं त्या बोलल्या ते अगदी मनापासून होतं. "बरं झालं बघ. मला लेक न्हाई."

चंद्रहास त्यांचा एकुलता एक. त्याच्याआधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. ती घरात कुणी मोजत नसे, त्याही मोजत नसत.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली, व्हिसाची मुदत आपोआप वाढत गेली, आणि काही महिन्यांसाठी आलेल्या वासंतीबाई एनिसच्या त्या घरात राहिल्या. त्या कोल्हापूरकडच्या बायकांसारख्या 'मी येतो, मी करतो' म्हणत. कौमुदीला सुरुवातीला हसू यायचं, मग तीच कधीकधी 'मी बघतो' म्हणून जायची. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे वासंतीबाई शिकल्या. शेजारच्या घरातली ब्रीडा ऐंशीला टेकलेली. वयस्करांना घराबाहेर पडायला बंदी होती तेव्हा या दोघी मधल्या भिंतीशी उभ्या राहून बोलत. ब्रीडा इंग्रजीत, वासंतीबाई मराठीत. भाकरी आणि सोडा घातलेला ब्रेड इकडून तिकडे जात. "ग्रँड," ब्रीडा म्हणायची. "ग्रँड," वासंतीबाई म्हणायच्या. बाकी काही अडत नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी बाळाची हालचाल थांबली.

प्रसूती रुग्णालय दुसऱ्या गावात होतं. बाळंतिणीबरोबर एकालाच आत सोडत, तेही अगदी शेवटी. वासंतीबाई पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी फोन लावला, आणि त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्या बोलल्या. "कौमुदी, ऐक पोरी. बघू नको तिला. माया लागती. नर्सला सांग, न्ह्या म्हणावं."

"आई, मी तिला मांडीवर घेऊन बसलेय," कौमुदी म्हणाली. "नखं वाढलीयत तिची. कापली नाहीत मी."

दोन दिवस ती तिला घेऊन बसली. तिथल्या सुईणीनं बाळाला गार ठेवण्याची सोय केली, पावलांचे ठसे घेतले, टोपी घातली. असं करता येतं हे वासंतीबाईंना ठाऊकच नव्हतं. गाडीची काच धुक्यानं भरली ती त्यांनी पुसली नाही.

नाव स्वरूपा ठेवलं. एनिसच्या दफनभूमीत लहान मुलांचा वेगळा कोपरा आहे, तिथं पुरलं. चंद्रहासनं ती पांढरी पेटी दोन्ही हातांवर नेली, आणि गर्दीवर बंदी असल्यामुळे ब्रीडा रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

त्यानंतर दोघांनीही कामात डोकं घातलं. चंद्रहास हॉस्पिटलात, कौमुदी घरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून. वासंतीबाईंनी परत जायचं नाव काढलं नाही. जूनपासून विमानं सुरू झाली होती. मोहनराव फोनवर विचारायचे, "काय म्हणतीस?" आणि त्या म्हणायच्या, "ऱ्हातो अजून थोडं."

ऑगस्टमध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा ब्रीडा सासूसुना दोघींना तिच्या जुन्या गाडीतून माहेरच्या गावाकडे घेऊन गेली. गवताच्या एका उतारावर काटेरी झुडपांच्या आत एक गोल तुकडा होता, नांगर न लागलेला. त्यात गुडघ्याएवढे अनघड दगड उभे होते, एकावरही अक्षर नव्हतं. ब्रीडा बोलत गेली, कौमुदी सांगत गेली. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेली मुलं इथं आणायचे. चर्चच्या जमिनीत त्यांना जागा नव्हती. बाप अंधार पडताना खोक्यात घेऊन यायचा आणि कोणता दगड ते आईला कधी सांगायचा नाही. ब्रीडाच्या आईचं पहिलं मूल इथंच होतं.

"उन्हाळ्यात अमेरिकेतून लोक येतात तिच्याकडे," कौमुदी म्हणाली. "टेनेसी, जॉर्जिया, तिकडच्या शेतकरी घराण्यातले. त्यांचे खापरपणजे दुष्काळात इथून बोटीनं गेले. कोण कुणाचा, कुठल्या शेतातून गेला, बोटीत कोण वारला, सगळं हिला पाठ आहे. म्हणते, पण या दगडांचं आजवर कुणी विचारलं नाही."

वासंतीबाई ब्रीडाकडे बघत राहिल्या. "ही तर हेळवीच की गं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. बैल, घंटा, अथणी, दुष्काळ, वेल. गाडीत बसेपर्यंत त्या सांगत होत्या, आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"आई," कौमुदी म्हणाली, "आपण तिचं नाव घालू या त्यात."

"लेकींचं म्हणत न्हाईत."

"विचारायला काय हरकत आहे? बाबांना सांगू या फोन धरायला. मला ऐकायचंय." मे महिन्यानंतर तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. वासंतीबाईंनी तीनदा तोंड उघडलं: एकदा गाडीत, एकदा दिवाळीत कणीक मळताना, एकदा कौमुदीचे केस विंचरताना. जी दोन दिवस मांडीवर होती ती वंशात नाही, आणि जो कधी नव्हताच तो श्रेयस आहे, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? एखादी सुगी हेळवी येतही नाही, अशी त्या मनाची समजूत घालत होत्या.

जानेवारी २०२१ मध्ये आयर्लंड पुन्हा बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. चंद्रहास हॉस्पिटलातून आला की कोपऱ्यातल्या खोलीत एकटा झोपायचा, जेवणाचं ताट दाराशी ठेवावं लागे. अशा एका सकाळी मोहनरावांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती, अंगणात ऊन होतं आणि उन्हात बैल उभा होता. चंद्रहास ड्यूटीवर होता. कौमुदीनं लॅपटॉप मिटला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि पदर सावरावा तशी कुडत्यावरची ओढणी खांद्यावर नीट केली.

"बाळू, म्हण रं. सूनबाई ऐकाय बसल्यात," मोहनराव म्हणाले.

"मोठ्यानं म्हणू व्हय? लांबचा पल्ला हाय."

"फोन हाय तो. डोंगरावरनं हाक मारायची न्हाई."

बाळू हेळव्यानं घसा साफ केला. "अथणीचा मूळपुरुष सिद्दाप्पा. सिद्दाप्पाला तीन. थोरला निंगाप्पा, मधला सत्याप्पा, धाकला दुंडाप्पा. निंगाप्पाची वेल अथणीतच खुंटली. दुंडाप्पा पाणी बघाय गेला तो आला न्हाई. सत्याप्पा मोठ्या दुष्काळात निघाला. संगं नऊ माणसं, येक बैल. कृष्णा उतरली चार माणसं..."

"बाकीची पाच?" कौमुदीनं विचारलं.

हेळव्याला मध्येच कुणी थांबवत नाही. तो फोनकडे बघायला लागला. "वाटंत ऱ्हायली, वैनी."

"त्यांची नावं?"

"तीन लेकी, दोन अंगावरची पोरं. त्यांची म्हणत न्हाईत." आणि सुटलेला धागा हाती यावा म्हणून तो पुन्हा कृष्णेपासून सुरू झाला. सत्याप्पाचा रामा, रामाचे दोघे, त्यातला गणू पटकीत गेला, बापूची वेल वाढली. एकेक नाव येत गेलं, जवळ जवळ येत गेलं. वासंतीबाईंनी टेबलाची कड धरली.

"बाळू," त्या म्हणाल्या, "इतकं पुरं."

"आता संपलंच, अक्का. मोहनला येक, चंद्रहास. चंद्रहासला येक, श्रेयस. वेल वाढो." घंटा वाजली.

मोहनराव म्हणाले, "कोण श्रेयस?"

"अक्कांनीच घातलं नव्हं? जाताना?"

बैलानं मान हलवली तशी घंटा आपोआप एकदा किणकिणली. कौमुदी सासूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वासंतीबाईंना तो चालला असता.

"मीच घातलो," त्या म्हणाल्या. "मुलगी हाय म्हणून ठावं नव्हतं तवा. दम निघत नव्हता." मग फोनकडे वळून, "बाळू, ते काढ. स्वरूपा घाल. चंद्रहासची स्वरूपा."

"घातलेलं निघत न्हाई, अक्का. लहानपणी वारला म्हणून म्हणीन, वेल मिटंल. पर काढता येत न्हाई."

"मग तिचं घाल."

"काय करायचं करा गड्यांनो," मोहनराव पुटपुटले, पण फोन त्यांनी खाली ठेवला नाही.

बाळू मुद्दाम अडून बसलेला माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात दीडशे वर्षांची माणसं एकावर एक रचलेली होती आणि मधला एक दगड हलवला तर काय काय कोसळेल ते तो बघत होता. "येक दार हाय," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं ठेवलेलं. पहिलटकरणीची पहिली लेक असंल, जल्मून येकदा तरी रडली असंल, आणि घरातल्या बाईनं ते कानांनी ऐकलं असंल, तर ती घरात आली म्हणायचं. तिचं म्हणतो. न रडलेली उंबऱ्याच्या भाईरनं गेली. तिला घर न्हाई." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तर इचारतो, अक्का. रडली काय?"

कौमुदीचे ओठ हलले.

तिच्या आधी वासंतीबाई बोलल्या. "रडली. मी ऐकलो."

आपण त्या वेळी बाहेर गाडीत होतो हे त्यांना माहीत होतं. कौमुदीला माहीत होतं. मोहनरावांनाही माहीत होतं, त्या संध्याकाळी त्या गाडीत असतानाच त्यांनी फोन केला होता. ते फक्त बायकोकडे बघत राहिले, इतक्या जवळून की पडद्यावर त्यांचं कपाळ आणि डोळेच उरले.

"म्हण," ते हेळव्याला म्हणाले.

"चंद्रहासची स्वरूपा. परमुलखात रडली, परमुलखात ऱ्हायली." घंटा वाजली. कौमुदीनं कॉल बंद केला आणि फोन पालथा घातला.

तिनं प्रेस उघडलं, कप काढला, परत आत ठेवला. दार उघडंच राहिलं.

"ती रडली नाही, आई."

"व्हय."

"सगळे थांबलो होतो. सुईण, डॉक्टर, चंद्रहास. मला आधीच सांगितलेलं होतं तिचं हृदय थांबलंय म्हणून, तरी मी थांबले होते. सगळं बाळंतपण होऊन गेलं आणि खोलीत काहीच आवाज नव्हता. बाहेर ट्रॉली गेली ती ऐकू आली." ती प्रेसच्या दाराला पाठ लावून उभी होती. "तेवढंच माहीत आहे हो मला तिच्याबद्दल. गप्प होती. आता गावात दरवर्षी तो माणूस म्हणणार, रडली. ती माझी नाहीच मग. ती दुसरीच कुणीतरी."

वासंतीबाई खुर्चीत बसल्या. ओट्यावरच्या सकाळच्या भांड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "दुसरीच हाय."

कौमुदी थांबली.

"तुझी न्हाई रडली. माझी रडली हुती."

मग त्यांनी सांगितलं, फार थोडक्यात, कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नसल्यामुळे त्या गोष्टीला शब्दच फुटलेले नव्हते. लग्नाच्या दुसऱ्या साली, सुगीतच. बाळंतिणीची खोली आतली. पहिलटकरीण. मूल झालं आणि एकदा रडलं, मांजराच्या पिलासारखं, आणि सासूनं ते उचलून दाराबाहेर नेलं. परत आल्यावर म्हणाली, मेलेलंच आलं, बघू नको, माया लागंल. दुसरं खरंच गप्प आलं. पण पहिली रडली होती.

"आठ दिसानं बाळूचा बाप आला. मी आत पडलेलो. त्यानं इचारलेलं मला ऐकू आलं. 'रडली काय?' सासूबाई म्हणाल्या, 'न्हाई.'"

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"दहाव्याच्या आत बाळंतीण दारात येती व्हय गं?" त्या म्हणाल्या, आणि मग, "आणि आपलाच कान खोटा असंल, असं वाटलं. सगळी म्हणत्यात न्हाई रडली. मग न्हाई रडली. इतकी वरसं तसंच. आज त्यानं पुन्यांदा इचारलं."

कौमुदी समोर येऊन बसली. कुणी कुणाला हात लावला नाही. बाहेर ब्रीडाच्या अंगणात दोरीवरचे कपडे पावसातच वाळत होते.

"नाव काय होतं तिचं?"

"बारसं कुठलं."

"मनात?"

वासंतीबाईंनी आठवून बघितलं, खरोखरच बघितलं. मग मान हलवली. "मनातबी ठेवलो न्हाई. नाव असतं तर तुझीचं कशाला घेतलो असतो? नावाबिगर म्हणता येत न्हाई, पोरी. म्हणून तुझीचं नाव घेतलो आणि माझीचं रडणं सांगितलो. एकीला घर मिळू दे म्हटलं. दोघींचंबी अर्धं अर्धं गेलं."

पालथा फोन टेबलावर थरथरला. कौमुदीनं तो उलटा करून कॉल घेतला. मोहनराव एकटेच होते. अंगणातला बैल गेला होता, त्याच्या पायांनी उधळलेली ज्वारी कोंबड्या टिपत होत्या. दुसऱ्या गल्लीतून घंटा ऐकू येत होती, आणि हेळव्याचा आवाज, कुण्या दुसऱ्याच्या घरचे पूर्वज म्हणणारा.

"अगं," मोहनराव म्हणाले, आणि थांबले. सत्तरीतला तो माणूस फोन दोन्ही हातांनी धरून होता.

"थोरली," ते म्हणाले. "रडली हुती व्हय गं?"

वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. कौमुदीनं फोन त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि धरून ठेवला. पलीकडे ते वाट बघत होते आणि घंटा एकेका दारानं लांब जात होती.